'हॅव' जमेल, 'हॅड' सांभाळा

'आय हॅव सेंट द लेटर यस्टर्डे' या इंग्रजी वाक्यात नेमकं काय चुकलं, असं एकाने विचारलं होतं. त्यावर आलेलं 'नियम आहे, पाठ करा' हे उत्तर काही पटलं नाही. 'हॅव सेंट' म्हणताना बोलणारा आत्ताच्या क्षणात उभा असतो: पत्र गेलंय, आता काळजी नको. 'यस्टर्डे' म्हटलं की तो संपलेल्या काळात जातो, आणि इंग्रजीला एका वाक्यात हे दोन्ही चालत नाही. मराठीला चालतं. 'काल पत्र पाठवलं आहे' हे कुणालाच खटकत नाही, म्हणून तर गल्लत होते. 'धिस मॉर्निंग'ची आणखी गंमत. सकाळी दहाला 'आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग' ठीक, संध्याकाळी मात्र 'आय सॉ हिम'च.

पण आपला खरा शत्रू 'हॅड' आहे. 'काल मी गेलो होतो' याचं आपण डोळे झाकून 'आय हॅड गॉन यस्टर्डे' करतो. मराठीतलं 'होतो' नुसता भूतकाळ सांगायलाही पुरतं. इंग्रजी 'हॅड'ला मात्र भूतकाळातलाच, त्यानंतरचा एखादा क्षण लागतो: 'व्हेन शी कॉल्ड, आय हॅड लेफ्ट'. तो क्षण आधीच्या वाक्यात आलेला असला तरी भागतं, पण कुठेतरी हवाच. नसेल तर सरळ 'आय वेंट' म्हणा.

बाकी, अमेरिकन बोलण्यात 'डिड यू ईट येट?' सर्रास चालतं. ब्रिटिश माणूस बहुधा 'हॅव यू ईटन येट?' म्हणेल. परीक्षेत दुसरं लिहिलेलं बरं.