पाइनचा वास आणि भुंगेऱ्यातले सूत्रकृमी

जपानमधले पाइन भुंगेऱ्यांनी कुरतडल्यामुळे वाळतात, असं म्हटलं जातं. त्यात थोडी भर घालतो. खरा मारेकरी म्हणजे भुंगेऱ्याच्या श्वासनलिकांत बसून आलेला, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, धाग्यासारखा सूत्रकृमी. हे तिथल्या संशोधकांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं.

वासाचा भाग तर विलक्षण आहे. भुंगेऱ्याची अळी लाकडात पोकळी करून कोषात जाते, तेव्हा तिच्याभोवती पाइनीन आणि लाँजिफोलीन या पाइनच्या वासाच्या रसायनांचं प्रमाण निरोगी झाडापेक्षा वेगळं असतं. प्रवासाला निघायच्या अवस्थेतले कृमी नेमके त्या मिश्रणाकडे सरकतात. खाऊनपिऊन वाढणाऱ्या अवस्थेतल्यांना मात्र निरोगी झाडाचंच मिश्रण भावतं. रसायनं तीच, नुसतं प्रमाण बदललं की गिऱ्हाईक बदलतं! पुढे कोषातून निघालेला नवा भुंगेरा हे कृमी अंगात घेऊन कोवळी डहाळी कुरतडतो, जखमेतून मिर्सीन हे आणखी एक वासाचं रसायन दरवळतं आणि कृमी श्वसनरंध्रांतून बाहेर पडून झाडात शिरतात. मरू घातलेल्या झाडाचा पाइनीन-इथेनॉलचा वास मग भुंगेऱ्याच्या माद्यांना अंडी घालायला ओढून आणतो.

म्हणूनच माझ्या मते एकट्या फवारणीवर भिस्त ठेवू नये. वाळलेली झाडं भुंगेरे बाहेर पडायच्या आत तोडून जाळलीच पाहिजेत, नाहीतर त्यांचा बारीक भुगा तरी करायला हवा.