बी उधळलं की प्रेअरी उगवते?

नेपरव्हिलची माळीण: परवा इथे 'मिडवेस्टच्या (अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागाच्या) अंगणासाठी सोपी रानफुलं' असा लेख आला. सल्ला काय, तर मे महिन्यात पाकीट फोडा, बी उधळा, पाणी घाला आणि ऑगस्टात मोनार्क फुलपाखरं मोजत बसा. डोकंच फिरलं. मोनार्कच्या अळ्या ज्याची पानं खाऊन वाढतात त्या नारिंगी मिल्कवीडचं बी थंडी खाल्ल्याशिवाय धड रुजत नाही. ओलसर वाळूत कालवून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर नोव्हेंबरात जमिनीवर टाकून हाताने दाबा, पुढचं हिवाळा बघून घेतो. पहिल्या वर्षी नुसती काडी दिसते, कारण झाड आधी सोटमूळ खाली सोडत असतं. फुलं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. आणि त्या मिश्र पाकिटांची मागची बाजू वाचलीत? कॅलिफोर्नियाची पॉपी, युरोपचं कॉर्नफ्लॉवर! इलिनॉयच्या मूळ प्रेअरीचा, म्हणजे गवत-रानफुलांच्या माळरानाचा, एक टक्कासुद्धा उरलेला नाही, आणि आपण तिच्या नावावर हे खपवतोय.

आयोवाकर (लेखक): ताई, लेख नवख्यांसाठी होता, प्रबंध नव्हता. माझ्याकडे ब्लॅक-आयड सुसान, ते पिवळं रानफूल, अशीच उधळून आली. फ्रिज, वाळू ऐकून लोक परत लॉनच लावतील.

नेपरव्हिलची माळीण: सुसान कुठेही येते हो. तिच्या मापाने मिल्कवीड मोजू नका.

ह्यूस्टनची सून: एवढा उपद्व्याप कशाला? हळदीकुंकू लावा, ते लाल-पिवळ्या फुलांचं मिल्कवीड! सासरी कोकणात कोणी न लावता येतं. त्याच वर्षी फुलतं, मोनार्कच्या अळ्या तुटून पडतात.

नेपरव्हिलची माळीण: झालं! तुमच्याकडे ते थंडीत मरत नाही. पानांवर ओई नावाच्या, मोनार्कला आजारी पाडणाऱ्या सूक्ष्म परजीवीचे बीजाणू साठत जातात, अळ्या तेच खातात. शिवाय हिवाळ्यात मेक्सिकोला जायची फुलपाखरं तिथेच अंडी घालत राहतात.

ह्यूस्टनची सून: मी थंडीच्या तोंडावर जमिनीलगत छाटते. तरी पापीण मीच! शेजारी लॉनवर दर महिन्याला औषध मारून घेतो, त्याला सांगायला जा.

रुईचं पान: कोकणातसुद्धा ते पाहुणंच आहे, मूळ उष्ण अमेरिकेतलं. आमच्या गावाकडे रुईवर प्लेन टायगरच्या अळ्या असायच्या, कोणी बी पेरलं नव्हतं.

मिशिगनचा मामा: आईकडून हळदीकुंकवाचं बी मागवू का? पिशवीत कुठेही मावेल.

नेपरव्हिलची माळीण: परवान्याशिवाय बी आणायचं नसतं, मामा! शिकल्यासवरल्या माणसांना हेही सांगायचं?

मिशिगनचा मामा: विचारलं फक्त. आवाज खाली.

एचओए-पीडित: बियांचं सोडा. माझं कोनफ्लॉवर, प्रेअरीतलं रानफूल, गुडघ्याएवढं झालं आणि एचओएचं, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचं, 'तण काढा' म्हणून पत्र आलं. वाळलेले देठ मी पक्ष्यांसाठी ठेवतो, बायको म्हणते अंगण की उकिरडा. इलिनॉयमध्ये २०२४ साली तिथल्या मूळच्या झाडांच्या बाजूने कायदा झाला म्हणे. बायकोसाठी कुठला कायदा आहे?

आयोवाकर (लेखक): धागा हळदीकुंकवाला निघालाय, आता वाणही वाटा. ताई, एक सांगा, शिकागोत पहिल्या कडक गारठ्यालाच हळदीकुंकू मरतं. मग तिथे कुंडीत लावलं तर बिघडलं कुठे?

नेपरव्हिलची माळीण: कुंडीत लावलं तर माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण आज नको.

आयोवाकर (लेखक): वा! चला, मीही 'मे' खोडून 'नोव्हेंबर' करतो. वाचक पळाले तर तुमच्याकडे पाठवीन.

नवखी: मी ते पळणारे वाचकच. सरळ रोपं आणली तर? माती चिकण आहे, पाणी साचतं.

नेपरव्हिलची माळीण: आणा, पण कीटकनाशक मारलेली नाहीत ना ते विचारून घ्या, नाहीतर अळ्यांना विषच वाढाल. आणि साचलेल्या पाण्यात नारिंगी कुजेल. गुलाबी स्वॅम्प मिल्कवीड घ्या. बी आणलंत तर त्यालाही फ्रिज लागतो, हे आयोवाकरांना सांगू नका.