पिस्तुलाच्या भागांची एसटीएल फाइल जॉबवर्कला आली, तर कायदा कुठून लागतो?

रबाळे जॉबवर्क
थ्रीडी प्रिंटिंगसाठी एका चौकशीत पिस्तुलाची एसटीएल (प्रिंटसाठीच्या थ्रीडी आकाराची फाइल) आली आहे, आठ तुकड्यांत. पार्टी म्हणते शूटिंगचा प्रॉप आहे. फाइल नुसती कॉम्प्युटरवर असणं गुन्हा आहे का? आणि प्रिंट काढली तर?

कोर्टनाका, ठाणे
शस्त्र अधिनियम 1959 मध्ये फाइल बाळगण्यासाठी वेगळं कलम नाही. पण कलम 2 मधल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणजे पहिला तुकडा प्रिंटरच्या बेडवरून सुटला की विषय फाइलचा राहत नाही. प्लास्टिकचा आहे ही सबब चालणार नाही. कलम 5 नुसार निर्मितीला परवाना लागतो. तो नसेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 25 खाली किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप, वर दंड. हेतू माहीत असून फाइल पुढे पाठवली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 45, म्हणजे अपप्रेरणा.

खेळण्यांना सूट आहे, पण ती वस्तू चालत्या शस्त्रात बदलता येता कामा नये. आठ जुळणारे तुकडे त्यात बसवणं अवघड आहे.

स्लायसर
फाइलच्या नावावर जाऊ नका. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण असतात, माप कुठल्या एककात आहे तेही नसतं. ‘ड्रोन ब्रॅकेट’ नावानं काहीही येऊ शकतं, तुकडे चार दुकानांत वाटूनही. सगळे भाग सॉफ्टवेअरमध्ये एकाच प्लेटवर उघडून बघा.

प्रॉपसाठी दुसरं मॉडेल मागा: एकसंध, नळी भरीव, खटका न हलणारा. कॅमेऱ्याला बाहेरचा आकारच दिसतो, त्यामुळे खऱ्या प्रॉपवाल्याचं काही अडत नाही. आतली यंत्रणा हवीच म्हणाला, तर काम घेऊ नका.

आणि घाबरून फाइल डिलीट करू नका, लोक हमखास इथेच चुकतात. मेल, मूळ फाइल, तिचा एसएचए-256 हॅश (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) आणि आल्याची वेळ जपून ठेवा, प्रिंटरला काही पाठवू नका आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या.

कोर्टनाका, ठाणे
पोच महत्त्वाची, तोंडी सांगितलेलं नंतर सिद्ध होत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात 2015 पासून अशी फाइल बाळगण्यालाच 14 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अमेरिकेत 2013 मध्ये ‘लिबरेटर’ या थ्रीडी प्रिंटेड पिस्तुलाच्या फाइल सरकारनं उतरवायला लावल्या, तोवर लाखभर डाउनलोड झाले होते. आपल्याकडेही फाइलसाठी स्वतंत्र कलम हवंच, फक्त न्यायवैद्यक प्रयोगशाळांना त्यातून वगळून.