मदत हवी आहे : नर्मदेच्या फुगवट्यात बोटीचं जीपीएस भरकटतं, नेटच्या खांबामुळे असेल का?

राम राम मंडळी,

मी अक्राणी तालुक्यातला, नर्मदाकाठचा. सरदार सरोवराच्या फुगवट्यात डिझेल इंजिनाची बोट चालवतो. रेशन, बाजारहाट, शाळेचे गुरुजी, आणि वेळ आली की पेशंट. आमच्या पाड्यांना पाण्याशिवाय धड वाट नाही.

पाण्याखाली जुनं जंगल उभं आहे. पाणी थोडं उतरलं की सागाचे वाळके शेंडे पृष्ठभागाच्या वीतभर खाली येतात आणि दिसत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात बांबूने तळ चाचपडत मी सुरक्षित वाट शोधली आणि हातातल्या जीपीएसमध्ये साठवली. रात्री आणि धुक्यात त्या रेषेवरच माझा भरवसा.

गेल्या महिन्यात पहाटे चारला अडलेली बाळंतीण घेऊन निघालो. मोठ्या वळणाच्या अलीकडेच पडद्यावरचा बाण पाणी सोडून डोंगरावर चढला. मग उपग्रहांचा सिग्नल दाखवणारे उभे पट्टे एकेक करून खाली बसले. इंजिन बंद केलं, पुतण्या बोटीच्या पुढच्या टोकावर बसून बांबूने पाणी बघत राहिला. पाऊण तासाच्या वाटेला दोन तास लागले. बाई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, पण तिचं कण्हणं अजून कानात आहे. असं पुन्हा व्हायला नको.

दिवाळीनंतर दोन गोष्टी बदलल्यात. वळणासमोरच्या टेकडीवर वायरलेस इंटरनेटचा खांब उभा राहिला. आणि मी केबिनमध्ये सिमकार्डवर चालणारा राउटर बसवला, त्याचा अँटेना जीपीएसच्या शेजारीच आहे.

अमेरिकेतल्या लाइटस्क्वेअर्ड कंपनीबद्दल वाचलं. तिथे ब्रॉडबँडच्या मनोऱ्यांमुळे जीपीएस बंद पडेल म्हणून बोटवाले, विमानवाले, शेतकरी सगळेच उठले होते. आपल्याकडे तेच होतंय का? तक्रार कुठे करायची?

भुसावळकर वायरलेसवाला :
दादा, बाई सुखरूप पोचली हे वाचून जीव भांड्यात पडला. मी रेल्वेच्या दूरसंचारात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर. तिथून येणारा संदेश इतका क्षीण की काठी गावच्या होळीत ढोल घुमत असताना पलीकडच्या डोंगरावरून कोणी कुजबुजावं. मुख्य लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झची. लाइटस्क्वेअर्डला अगदी शेजारच्या १५२५ ते १५५९ या पट्ट्यात सुमारे ४०,००० मनोरे उभारायचे होते. तो पट्टा मुळात उपग्रहांच्या हलक्या आवाजासाठी राखलेला. जानेवारी २०११ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, चाचण्यांत कित्येक जीपीएस यंत्रं बधिर झाली, फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या नियामकाने परवानगी मागे घ्यायची पावलं उचलली आणि मे महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे तीच कंपनी लिगाडो नावाने आली. २०२० मध्ये तिला परवानगी मिळाली, पण खूपच कमी शक्तीच्या अटीवर.

तुमच्या टेकडीवरचा खांब बहुतेक ५ गीगाहर्ट्झच्या आसपास चालत असेल. तो जीपीएसचा शेजारी नाही. माझा संशय तुमच्याच केबिनवर आहे. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात जीपीएस बंद पडलं होतं. शोधता शोधता लोक पोचले ते बोटीवरच्या टीव्ही अँटेनाच्या सदोष अॅम्प्लिफायरपर्यंत. राउटरला वीज कशावरून देता? बारा व्होल्टवरून पाच करणारी स्वस्त डबी असेल तर ती रेडिओ लहरींचा फार गोंगाट करते. बोट धक्क्याला बांधा, उघड्या आकाशाखाली सगळं बंद करा आणि एकेक वस्तू चालू करत पट्टे बघा. घाई करू नका, प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबा.

उकाईकाठची :
दादा, आम्ही नवापूरकडे उकाईच्या पाण्यात मासेमारी करतो. माझ्या फोनमध्ये ११७६.४५ मेगाहर्ट्झची दुसरी लहरही घेता येते, आपली भारताची नाविक ही उपग्रह यंत्रणाही तिच्यावर चालते. उंच कड्यांमध्ये तो जुन्या यंत्रापेक्षा कमी भरकटतो. पण फोन कितीही चांगला असला तरी बांबूवाला माणूस पुढे ठेवाच.

धागाकर्ता :
भाऊ, ताई, आज धक्क्यावर करून पाहिलं. सगळं बंद असताना अकरा उपग्रह. खांबाच्या थेट समोर गेलो तरी अकराच. राउटरची डबी लावली आणि चार मिनिटांत तीन. अँटेना काढून नुसती डबी चालू ठेवली, तरी तीनच! म्हणजे नेट नव्हे, ती डबीच. विकणाऱ्याने बोटीसाठीच आहे म्हणून दिली होती.

डबी काढली, तरी मोठ्या वळणावर बाण वीसेक मीटर इकडेतिकडे होतोच. तिथे दोन्ही बाजूंना सरळ कडा आहे, आकाश चिंचोळं. ते कड्यावर आपटून येणाऱ्या संदेशामुळे असावं, बरोबर ना?

भुसावळकर वायरलेसवाला :
बरोबर. त्या वळणावर पडद्यावर विसंबू नका, काठावर खुणेचे खांब रोवा, त्यांना चमकणारी पट्टी चिकटवा. राउटरला फिल्टर असलेला चांगला कन्व्हर्टर घ्या, वायरीवर असा गोंगाट अडवणारं फेराईटचं कडं चढवा आणि जीपीएस छतावर, राउटरपासून जमेल तितकं लांब न्या. एवढं करूनही एखाद्या ठिकाणी रोज बंद पडलं, तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे जागा, वेळ आणि पट्ट्यांचे फोटो द्या.

धागाकर्ता :
खांबांसाठी बांबू आजच तोडले. चमकणारी पट्टी आणि फेराईटचं कडं धुळ्यात मिळेल की जळगावलाच जावं लागेल, कोणाला ठाऊक असेल तर सांगा. परवा बाजाराची फेरी आहे, येताना घेऊन येतो.