पोटोमॅक प्रायमरी आणि चाचण्यांचे आकडे

प्रेषक: फेअरफॅक्स, व्हर्जिनिया येथील सभासद
दिनांक: ७ फेब्रुवारी २००८

नमस्कार मंडळी,

येत्या मंगळवारी, १२ तारखेला, पोटोमॅक नदीकाठच्या व्हर्जिनिया, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डी.सी. या तिन्ही ठिकाणी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठीचे मतदान, आहे. आपले मंडळ करमुक्त संस्था असल्याने त्याला कोणत्याही उमेदवाराची बाजू घेता येत नाही, म्हणून पुढील मजकूर सर्वस्वी माझे वैयक्तिक मत समजावे.

मी बराक ओबामा यांची समर्थक आहे. व्हर्जिनियातील मतदानपूर्व जनमत चाचण्यांमध्ये ते बरेच पुढे आहेत, तरी ते आकडे पाहून माझी धास्ती वाढतेच आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये चाचण्यांची सरासरी त्यांना सुमारे आठ टक्क्यांनी पुढे दाखवत होती आणि ८ जानेवारीला हिलरी क्लिंटन जवळपास तीन टक्क्यांनी जिंकल्या. परवा कॅलिफोर्नियातही तेच झाले. झॉग्बी या चाचणी संस्थेच्या शेवटच्या चाचणीने ओबामांना १३ टक्क्यांची आघाडी दिली होती, आणि प्रत्यक्षात क्लिंटन यांनी ते राज्य स्पष्ट फरकाने घेतले. येथे बरीच वर्षे राहिलेल्या मंडळींना १९८९ ची निवडणूक आठवत असेल. कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर चाचण्यांमध्ये चांगले आघाडीवर होते, पण व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदी ते निवडून आले ते सात हजारांहूनही कमी मतांनी. कृष्णवर्णीय उमेदवाराला मत देणार असे लोक फोनवर सांगतात आणि मतदान यंत्रासमोर गेल्यावर विचार बदलतात, असेच जर घडत असेल, तर आमच्या या आघाडीला काय अर्थ उरतो?

प्रेषक: रॉकव्हिल, मेरीलँड येथील सभासद
दिनांक: ८ फेब्रुवारी २००८

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सुरुवातीपासून हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने आहे आणि मंगळवारी माझे मत त्यांनाच जाईल. तरीही आपल्या पत्रातील शंकेला उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण न्यू हॅम्पशायरच्या मतदारांवर खोटेपणाचा आरोप करण्यापूर्वी ते आकडे सुटे करून पाहायला हवेत. अखेरच्या चाचण्यांच्या सरासरीत ओबामा ३८ टक्क्यांच्या आसपास होते आणि त्यांना मते मिळाली साडेछत्तीस टक्के. म्हणजे त्यांचा आकडा फारसा चुकलेला नव्हता. चुकला तो क्लिंटन यांचा आकडा, कारण सरासरीत त्या ३० टक्क्यांवर होत्या आणि मतमोजणीत ३९ वर पोहोचल्या. लोक ओबामांविषयी खोटे सांगत असते तर त्यांचा आकडा कोसळला असता. तो जागेवर राहिला, याचा अर्थ शेवटच्या दिवसांत मन ठरवणारे मतदार मोठ्या संख्येने क्लिंटन यांच्याकडे वळले किंवा त्यांच्या समर्थकांपर्यंत चाचणी करणारे नीट पोहोचलेच नाहीत. आयोवाचा निकाल ३ जानेवारीला लागला आणि पाचच दिवसांत हे मतदान झाले. एवढ्या अवधीत फोनवरून मतदारांचा कल टिपणे कोणालाही अवघड जावे.

१९८९ ची निवडणूक मी विसरलेलो नाही, आणि वर्णद्वेष संपला असे म्हणण्याचे धाडसही मी करणार नाही. परंतु प्रत्येक चुकलेल्या चाचणीमागे तेच एक कारण शोधले, तर खरी अडचण नजरेआड होते. प्रायमरीत मतदानाला येणाऱ्यांचे प्रमाण सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा बरेच कमी असते आणि दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने मतदाराला पक्षनिष्ठेचा आधार नसतो. त्यामुळे ‘कोणाला मत देणार?’ या प्रश्नापेक्षा ‘मत द्यायला येणार कोण?’ हा अंदाज अधिक निर्णायक ठरतो, आणि तो चाचणी करणाऱ्या संस्थेला स्वतःच बांधावा लागतो. ‘डी मॉइन रजिस्टर’ या वृत्तपत्रासाठी चाचणीतज्ज्ञ ॲन सेल्झर यांनी आयोवात केलेली चाचणी आठवावी. पहिल्यांदाच कॉकसला, म्हणजे एकत्र जमून पसंती नोंदवण्याच्या सभेला, येणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के असेल असे तीत दिसले, तेव्हा आमच्या बाजूच्या प्रचारप्रमुखांनी, आणि तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांच्याही लोकांनी, ती अविश्वसनीय ठरवली. मलाही त्या वेळी त्यांचे म्हणणे पटले होते. प्रत्यक्षात २००४ मध्ये जेथे सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते तेथे या वेळी दोन लाख तीस हजारांहून अधिक आले, त्यांतले निम्म्याहून अधिक नवखे होते आणि ओबामा सेल्झर यांच्या अंदाजापेक्षाही अधिक फरकाने जिंकले. सेल्झर यांनी मागच्या वेळचा साचा यंदाच्या मतदारांवर लादला नाही, इतकेच त्यांचे वेगळेपण होते, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे होते.

कॅलिफोर्नियाचे कारण याहून सरळ आहे. तेथे टपालाने मत देणारे पुष्कळ असतात, आणि ओबामांचा जोर वाढण्यापूर्वी, एवढेच नव्हे तर ३० जानेवारीला एडवर्ड्स यांनी माघार घेण्यापूर्वीही अनेकांनी मतपत्रिका पाठवून दिल्या होत्या. शिवाय मतदानोत्तर चाचणीनुसार लॅटिनो आणि आशियाई मतदारांनी क्लिंटन यांना भरभरून मते दिली. आपल्यासारख्यांची मते ज्या गटात मोजली जातात त्या गटाचा कल राज्यव्यापी चाचणीत नीट उमटत नाही, कारण पाच-सहाशे जणांच्या नमुन्यात आशियाई मोजकेच येतात. अशा नमुन्यात प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीतच चार टक्के इकडे किंवा तिकडे चूक संभवते आणि दोघांमधील फरकात ती जवळजवळ दुप्पट होते, हे बातम्यांत क्वचितच सांगितले जाते.

एक गोष्ट मात्र मला आपल्या पत्रातही आढळली नाही आणि आमच्या बाजूच्या पत्रांतही आढळत नाही. चाचण्या मते मोजतात. उमेदवारी मिळते ती डेलिगेटांच्या, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या, संख्येवर. नेवाडात क्लिंटन सुमारे सहा टक्क्यांनी पुढे होत्या, तरी डेलिगेटांची वाटणी ओबामांच्या बाजूने १३ विरुद्ध १२ अशी झाली. परवा न्यू जर्सी आम्ही दहा टक्क्यांनी जिंकलो आणि ५९ विरुद्ध ४८ या वाटणीत आमच्या पदरात ११ डेलिगेट जास्तीचे पडले. त्याच दिवशी आयडाहोसारख्या लहान राज्यात, जेथे चाचणी घेण्याची फारशी कोणाला गरज वाटली नाही, ओबामांनी १५ विरुद्ध ३ अशा वाटणीत १२ जास्तीचे मिळवले. हे लिहिताना मला दुःख होते. ऑक्टोबरमध्ये देशभराच्या चाचण्यांत आम्ही तीस टक्क्यांनी पुढे होतो आणि त्या आघाडीवर विसंबून आमच्या नेत्यांनी लहान राज्ये व कॉकस यांकडे दुर्लक्ष केले, ही माझी तक्रार आहे. मतदान केंद्रांच्या याद्या घेऊन दारोदार फिरणारे तरुण मला यंदा आमच्यापेक्षा तुमच्याकडेच अधिक दिसले.

प्रेषक: फेअरफॅक्स, व्हर्जिनिया येथील सभासद
दिनांक: १३ फेब्रुवारी २००८

काका,

आपले पत्र मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या सर्व स्वयंसेवकांना वाचून दाखवले, आणि सोमवारी संध्याकाळी आम्ही याद्या पुन्हा पहिल्यापासून तपासल्या. व्हर्जिनियात नोंदणी पक्षनिहाय होत नसल्याने कोणीही नोंदणीकृत मतदार आमच्या प्रायमरीत मत देऊ शकतो, आणि म्हणून ‘येणार कोण?’ हा आपला प्रश्न येथे मेरीलँडपेक्षाही कठीण होता. चाचण्यांत ओबामांची सरासरी आघाडी अठरा टक्क्यांच्या आसपास होती. निकाल ६४ विरुद्ध ३५ असा लागला. म्हणजे चाचण्या याही वेळी चुकल्या, परंतु मला ज्या दिशेची भीती वाटत होती तिच्या नेमक्या उलट दिशेने. मतदार फोनवर एक सांगून दुसरेच करतात हा माझा समज त्यामुळे बराच ढिला झाला आहे.

काल रस्त्यांवर बर्फ गोठल्यामुळे मेरीलँडमध्ये मतदानाची वेळ दीड तास वाढवावी लागली, हे कळल्यावर आपली आठवण झाली. अशा हवेत आपण केंद्रावर गेलात का, आणि घरी सुखरूप पोहोचलात का, ते कळवावे. ४ मार्चला ओहायो आणि टेक्सास आहे. तेथील चाचण्यांत क्लिंटन पुढे आहेत, पण टेक्सासात दिवसा प्रायमरी आणि त्याच संध्याकाळी कॉकस असल्यामुळे एकाच राज्यात दोन वेगळे निकाल लागू शकतात. आपले ह्यूस्टन आणि डॅलसकडचे नातेवाईक क्लिंटन समर्थक असतील, तर मतदान झाल्यावर संध्याकाळच्या कॉकसलाही परत यायचे आहे, एवढे त्यांना आपण अवश्य सांगावे. मी माझ्या मावशीला आणि तिच्या घरच्यांना तेच सांगणार आहे, अर्थात ओबामांसाठी.