कापरेकरांच्या स्वयंभू संख्या: १ आणि ५ च्या साखळ्या भेटतच नाहीत, कुठे चुकतंय?

गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं नाव निघालं की त्यांचा ६१७४ हा प्रसिद्ध स्थिरांक येतोच. मी मात्र त्यांच्या स्वयंभू संख्यांत अडकलोय. संख्या घ्यायची, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवायची, येईल त्याला पुन्हा तेच. २३ घेतले तर २३+५ = २८, मग ३८, ४९, ६२... जिच्यापर्यंत अशा रीतीने कुठूनच पोचता येत नाही ती स्वयंभू: १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२ वगैरे.

पाचही एकअंकी स्वयंभूंच्या साखळ्या वहीत लिहून काढल्या. (एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, माहितीये. हाताने करण्यात मजा आहे.) ७ ची साखळी १०७ ला १ च्या साखळीत मिळाली: इकडून ९४+१३, तिकडून १०३+४. वाटलं, पुढेमागे सगळ्याच मिळतील. पण ३ आणि ९ कुणातच मिसळेनात, आणि ५ ची तर हजार ओलांडले तरी १ ला चुकवतेच आहे. तिचा एक तुकडा:

५२९, ५४५, ५५९, ५७८, ५९८, ६१०, ६१७, ६३१...

काही साखळ्या कधीच भेटत नाहीत असा नियम आहे, की माझंच चुकलंय?

प्रतिसाद १:
दोन्ही! नऊने भागून बाकी बघा. संख्येची आणि तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी एकच असते, म्हणून दर पायरीला बाकी दुप्पट होते. नऊ किंवा जास्त झाली की नऊ वजा. १ पासून १, २, ४, ८, ७, ५ आणि परत १. ३ पासून नुसतं ३, ६, ३, ६. ९ ची कायम शून्य. त्या दोघी कुणाला भेटणं शक्यच नाही.

५ मात्र १ च्याच फेऱ्यात आहे. ५९८ ची बाकी ४, म्हणजे पुढची ८ हवी. तुमच्या ६१० ची येते ७. ५९८+२२ पुन्हा करा, हातचा राहिलाय.

धागाकर्ता:
अरे देवा, ६२०! आणि १ च्या साखळीत ६०७+१३ = ६२० आहेच. पुढची दोन पानं फुकट गेली.

२० ची साखळी आत्ताच केली, ती १०९ ला ५ च्या साखळीत शिरली. पण बाकीचा फेरा एक म्हणजे भेट होईलच, असं कुठे आहे? तीनने भाग न जाणारी प्रत्येक संख्या शेवटी १ च्या साखळीत पडतेच, याची सिद्धता कुणी देईल का?