मदत हवी आहे: इराणमधल्या तफ्तची नेमकी लोकसंख्या

मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलवाल्यांवर लेख लिहितोय. त्यांतली बरीच घराणी यझ्द प्रांतातली, काही थेट तफ्तची. डाळिंबांसाठी नावाजलेलं, फारसी बोलणारं छोटंसं शहर. घोळ असा की तफ्त हे शहराचंही नाव आणि ते ज्याचं मुख्य ठाणं आहे त्या शहरिस्तानचंही (म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग). 2016 च्या जनगणनेत शहरात साधारण 18 हजार माणसं, शहरिस्तानात चाळीस हजारांवर. लोक बिनदिक्कत कुठलाही आकडा उचलतात! शेजारचं चम हे जरथुश्ती गाव शहराच्या हद्दीत मोजतात की ग्रामीण देहिस्तानात (शहरिस्तानातला खेड्यांचा गट)? कोणाला फारसी वाचता येत असेल तर तिथल्या जनगणनेचा गाववार तक्ता पाहून सांगाल का? इराणी वर्ष 1395 चा, म्हणजे 2016 चाच, बघा, प्लीज.